ऊस काट्यावर चढतो, पाणी चढत नाही

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एखादा ट्रॅक्टर चढताना बघा. मागं दोन ट्रॉल्या, मोळ्या दोरखंडानं आवळलेल्या, ड्रायव्हर रात्रभर नंबरला थांबलेला. आधी भरल्या गाडीचं वजन होतं, गव्हाणीत (ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर) ऊस खाली केल्यावर रिकाम्या गाडीचं. वजाबाकी होऊन पावती निघते : २० टन. शेतकऱ्याचं बिल, टोळीची तोडणी, वाहतूकदाराचं भाडं, सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरी थोरले काका या पावत्या एका वाकवलेल्या तारेला ओवून ठेवायचे. ती तार सोप्यात खुंटीला लटकत असायची आणि तिला हात लावायची आम्हा पोरांची टाप नव्हती.

शाश्वत विकास, हरित तंत्रज्ञान, चक्रीय अर्थव्यवस्था (एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल) हे शब्द आता कानावर फार पडतात. ते समजून घ्यायला मला हा वजनकाटा सगळ्यात सोयीचा वाटतो. एखादी गोष्ट आज अशी वापरायची की आपल्या नातवंडांनाही ती वापरता यावी, एवढाच शाश्वततेचा अर्थ. पण ती तशी वापरली जाईल की नाही, हे उपदेशानं ठरत नाही. तिचं वजन होतं का, तिचे पैसे कुणी मोजतो का, यावर ते ठरतं. साखर कारखान्यात या दोन्ही बाजू एकाच कुंपणाशी दिसतात : आतली आणि बाहेरची.

एका टनातून काय काय निघतं

आधी आतलं बघू. एक टन उसात सुमारे ७०० किलो पाणीच असतं. गाळप झाल्यावर साधारण १०० किलो साखर हाती येते, भागाप्रमाणे आणि जातीप्रमाणे थोडी कमी-जास्त. त्यालाच आपण उतारा म्हणतो. १० टक्के उतारा म्हणजे टनाला १०० किलो. शिवाय २८० ते ३०० किलो ओलं बगॅस (रस काढून उरलेलं चिपाड), ४० किलोच्या आसपास मळी (साखर काढून उरलेला दाट काळा पाक) आणि ३० ते ४० किलो प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) निघतं.

प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखाना उभा राहिला. पुढं कित्येक दशकं कारखाना म्हणजे साखर, हेच समीकरण होतं. बगॅस बॉयलरला जाळायचं आणि उरलेल्या ढिगाऱ्यांना उन्हाळ्यात आगी लागायच्या. मळीला नीट भाव नसायचा. मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या आसवनीचं काळं पाणी ओढ्यात उतरलं की खालच्या गावच्या विहिरी नासायच्या. ही सगळी डोकेदुखी होती आणि ती निस्तरायला वेगळा खर्च यायचा.

आज याच डोकेदुखीवर कारखाने तगून आहेत. त्यामागचं कारण अगदी साधं गणित आहे.

उसाला केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान रास्त दर, ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. (आपल्याकडे यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन बिल हातात पडतं.) त्या टनातून निघते १०२.५ किलो साखर. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि त्यानंतर हंगामामागून हंगाम तिथंच राहिला. त्या दरानं हिशोब केला तर साखरेचे येतात ३,१७८ रुपये. नुसता ऊसच त्याहून महाग पडतो. वर पगार, चुना-गंधक, दुरुस्ती आणि व्याज. बाजारात साखर ३१ पेक्षा वर विकली जाते हे खरं, पण ती महिनाभरात किती विकायची याचा कोटाही दिल्लीतून येतो. तोवर पोती गोदामात आणि त्यांच्यावर बँकेचं कर्ज. उलट ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आंदोलनं का होतात आणि कारखाने का बुडतात, या दोन्हींचं मूळ इथं आहे.

मग उपपदार्थ पुढं आले. मळीपासून इथेनॉल करून पेट्रोलमध्ये मिसळायचं. २०१३-१४ मध्ये देशात दीड टक्का मिसळण होतं, जून २०२२ मध्ये ते १० टक्के झालं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. एवढ्या वेगाला तंत्रज्ञान पुरलं नसतं. ऊर्ध्वपातन ही जुनीच विद्या आहे. गाडी हलली ती व्यवहार बदलला म्हणून. सरकारनं दर आधी जाहीर केला, तेल कंपन्यांनी खरेदीची हमी दिली, आणि २०१८ पासून आसवनी उभारायला घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सवलत मिळाली. विकत घेणारा पक्का आणि दर ठाऊक, मग बँकेचा मॅनेजरही सही करतो. हरित उद्योग कुठलाही असो, आधी असा ग्राहक लागतो.

आता कारखान्याच्या कार्यकारी संचालकाच्या खुर्चीत बसून बघा. एक टन ऊस समोर आहे आणि वाटा तीन. साखर पूर्ण काढून उरलेल्या मळीचं इथेनॉल करायचं (याला सी हेवी म्हणतात), तर टनाला ९ लिटरच्या आसपास मिळतं. साखर थोडी कमी काढून मळी गोड ठेवायची (बी हेवी), तर त्याच्या दुपटीच्या आसपास. साखरच करायची नाही, थेट रस आंबवायचा, तर ७० लिटर. २०२४-२५ चे दर अनुक्रमे लिटरला ५७.९७, ६०.७३ आणि ६५.६१ रुपये होते. थेट रसाचे होतात साधारण ४,६०० रुपये. साखर अधिक सी मळी या वाटेनं तेवढे मिळायला साखर किलोला ४० रुपयांच्या आसपास विकली पाहिजे. प्रक्रियेचा खर्च यात धरलेला नाही, तरी दिशा कळते. साखर स्वस्त असेल तर रस आंबवा, महाग असेल तर साखर पोत्यात भरा. वर तेल कंपनीचे पैसे काही आठवड्यांत येतात आणि साखरेला महिने लागतात. याचा फायदा ताळेबंदात लगेच दिसत नाही, पण व्याज भरणाऱ्याला तो रोज जाणवतो.

यात धोका आहे तो एका सहीचा. २०२३ ला पावसानं ओढ दिली, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, आणि ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, केंद्रानं रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरात मर्यादित परवानगी मिळाली आणि बंदी पूर्ण उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. ज्यांनी नुकतीच कर्ज काढून आसवनी वाढवली होती त्यांचे हप्ते मात्र त्या काळात थांबले नाहीत. मधल्या काळात मक्यानं जागा घेतली, आणि आता देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं आहे. सरकारी दरावर उभा राहिलेला धंदा सरकारी आदेशानं आडवाही होतो. नव्या तंत्रज्ञानात पैसे घालणाऱ्यानं हे आधीच धरून चालावं.

उरलेल्या उपपदार्थांत मला सगळ्यात आवडते ती स्पेंटवॉशची गोष्ट. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर काळं, आंबूस पाणी निघतं. तेच पूर्वी ओढ्यात जायचं. प्रदूषण नियंत्रणाच्या नियमांनी ते बाहेर सोडायला बंदी आली, तेव्हा कारखान्यांना ते आटवून बॉयलरमध्ये जाळावं लागलं. जाळल्यावर राख उरली. राखेत पोटॅश सापडलं, कारण उसानं ते जमिनीतूनच उचललेलं होतं. पोटॅशसाठी आपला देश जवळपास पूर्ण परदेशावर अवलंबून आहे. २०२१ मध्ये मळीपासूनच्या या पोटॅशला खत अनुदानात जागा मिळाली. ज्या पाण्यानं गावोगावी भांडणं लावली, त्याचं खत होऊन ते परत उसाच्या सरीत जातं. प्रेसमडचंही तसंच, साधारण २५ टन प्रेसमडमागे एक टन बायोगॅस निघतो आणि उरलेला चोथा खत म्हणून चालतो. कोपरगावच्या शंकरराव कोल्हे सहकारी कारखान्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये असा गॅसप्रकल्प सुरू झाला.

नियम आला नसता तर राखेतलं पोटॅश कुणी शोधायला गेलं नसतं. पर्यावरणाचे नियम म्हणजे उद्योगाच्या पायातली बेडी, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर बघावं.

सहवीजनिर्मितीची बाजू मात्र आता ओसरते आहे. जास्त दाबाचे बॉयलर बसवले, बगॅसच्या वाफेवर टर्बाइन फिरवलं, कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज महावितरणला विकली. सुरुवातीचे करार युनिटला सहा रुपयांच्या वरचे होते, नंतरचे पाचच्या आत आले. सौर वीज त्याच्याही निम्म्या भावात मिळायला लागल्यावर बगॅसची वीज महाग ठरली. तिचा एक गुण त्या दरात दिसत नाही : ती सूर्य मावळल्यावरही मिळते. संध्याकाळच्या विजेला वेगळा भाव असता तर चित्र वेगळं असतं.

कुंपणाबाहेर

इथवर जे सांगितलं त्यात एक समान धागा आहे. कारखान्यात शिरलेल्या प्रत्येक गोष्टीचं वजन होतं. बगॅसचं, मळीचं, वाफेचं, राखेचंसुद्धा. म्हणून तिथं वाया काही जात नाही. आता त्याच उसाच्या मागं शेतात जाऊ.

आमच्याकडं पाटानं, सरी भरून पाणी द्यायची रीत. एका एकराला एक पाणी म्हणजे साधारण तीन लाख लिटर. हंगामात अशी पंचवीसेक पाणी होतात. एकरी ४० टन ऊस निघाला असं धरलं, तर एका टनामागे दोन लाख लिटरच्या आसपास पाणी जातं. कृषी मूल्य आयोगाच्या आणि नीती आयोगाच्या अहवालांतले आकडेही इथंच येतात : महाराष्ट्रात एक किलो साखरेला सुमारे दोन हजार लिटर, उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर. यातलं काही झिरपून विहिरीत परत जातं, हे मान्य. तरी आकड्याचा आवाका लक्षात घ्या.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पन्नास वाघिण्यांची पूर्ण गाडी सुमारे २५ लाख लिटर पाणी न्यायची. सुरुवातीला मी ज्या ट्रॅक्टरबद्दल लिहिलं, २० टनांचा, त्याच्यामागे ४० लाख लिटर पाणी आहे. लातूरच्या त्या पाणीगाडीपेक्षा मोठी गाडी काट्यावर रोज शेकड्यांनी चढते, आणि पावतीवर पाण्याचा रकाना नाही.

राज्यात लागवडीखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला सत्तर टक्क्यांपर्यंत वाटा तो घेतो, हे त्याच कृषी मूल्य आयोगानं नोंदवलंय. मग शेतकऱ्याला दोष द्यायची घाई होते. तो मी देणार नाही. माझ्या काकांच्या जागी बसून बघा. सोयाबीनचा भाव पडला की कुणी विचारत नाही, कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद होते, टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो. उसाला मात्र भाव जाहीर असतो आणि गिऱ्हाईक ठरलेलं. पाऊस लांबला, गारपीट झाली, तरी ऊस उभा राहतो. कालव्याची पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र बघून लागते, लिटर बघून नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाची वीज २०२४ पासून मोफत आहे. म्हणजे मोटार आणखी तासभर चालली तर काकांना जादा खर्च शून्य. अर्थशास्त्रात ज्याला सीमांत खर्च म्हणतात तो हाच : पुढच्या एका घोटाला किती पैसे पडतात? काहीच नाही. ज्याला पैसे पडत नाहीत ते वाचवायला माणसानं रात्री दोनला उठून कॉक का बदलावा?

ठिबक हे यावरचं उत्तर म्हणून सांगितलं जातं, आणि ते चांगलंच आहे. पाणी ४० टक्के तरी वाचतं, खत मुळाशी जातं, टनेज वाढतं. पण इथं एक गंमत होते. ठिबकनं पाणी वाचलं की शेतकरी म्हणतो, आता आणखी एकरभर ऊस बसेल. विहिरीचा उपसा होता तेवढाच राहतो. १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं कोळशाबद्दल हेच मांडलं होतं : इंजिनं काटकसरी झाली तशी कोळशाची मागणी वाढली. नुसतं तंत्रज्ञान पाणी वाचवत नाही. वाचलेल्या पाण्याचं काय करायचं हे ठरलेलं असेल तरच ते वाचतं.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली त्याची बरीच चर्चा झाली. जमिनीत ओलाव्याचे सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वर उपग्रहाची छायाचित्रं, आणि सगळ्याचा मेळ घालून मोबाइलवर मराठीतून निरोप : आज इतकी मिनिटं पाणी द्या. मला त्यातला यंत्राइतकाच व्यवहाराचा भाग महत्त्वाचा वाटतो. हा खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही, म्हणून तो शेतकरी, साखर कारखाना आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्यात वाटायची योजना आली. कारखान्यानं का भरावं? कारण टनेज आणि उतारा वाढला तर त्याचीच गव्हाण भरते. शेतातल्या सुधारणेचा फायदा ज्याला होतो त्यानं तिच्या खर्चात वाटा उचलायचा, ही रीत रुजली तर खूप काही बदलेल.

याचं जुनं आणि माझ्या मते मोठं उदाहरण आमच्या शेजारीच, शिरोळला आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी दशकानुदशकं मोकाट पाणी दिल्यानं हजारो एकर जमीन क्षारपड झाली. वर पांढरा थर, खाली चिखल. तिथं कुसळही उगवेना. फुकट वाटलेल्या पाण्याचं बिल उशिरा आलं, आणि ते जमिनीनं भरलं. शिरोळच्या दत्त कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र करून, बँकेकडून कर्ज मिळवून देऊन, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारं पाणी बाहेर काढायचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. एकट्यानं ते जमत नाही, कारण निचऱ्याचं पाणी शेजाऱ्याच्या बांधातून पुढं न्यावं लागतं. पडीक रानात परत पीक उभं राहिलं. मी ते रान बघितलंय. निचऱ्याच्या चेंबरवर वाकून बघितलं की खाली गढूळ पाण्याची संथ धार दिसते. जमीन बरी होताना प्रत्यक्ष दिसणं फार थोड्यांच्या नशिबी येतं.

पाण्यासारखीच आणखी एक गोष्ट पावतीवर पूर्ण उतरत नाही, ती म्हणजे तोडणी करणाऱ्यांचं शरीर. बीडकडून येणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधी घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. टोळीतल्या बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं २०१९ मध्ये उघड झाली आणि सरकारला समिती नेमावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदर ३४ टक्के वाढले, ते व्हायलाच हवे होते. पण जी साखर किंवा जे इंधन आपण स्वच्छ म्हणतो, त्याच्या किमतीत पाळीच्या दिवसांतली सुट्टी, फडावरचं शौचालय आणि पोरांची शाळा येत नसेल, तर ती किंमत अपुरी आहे. हार्वेस्टर येताहेत. ते या जोड्यांचं काम कमी करतील, पण त्यांच्या पुढच्या पोटापाण्याचं उत्तर अजून कुणाच्या प्रकल्प अहवालात नाही.

काकांनी गेल्या लागणीला तीन एकरांपैकी दोन एकरांवर ठिबक केलं. तिसरा एकर उसालाच घालायचा त्यांचा विचार होता. मी वरचे सगळे आकडे मांडून बसलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “वाचलेल्या पाण्याचं मला कोण काय देणार?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी तिसऱ्या एकरात त्यांनी सोयाबीन आणि त्यामागं हरभरा घेतला. जमीन कडक झालीय, उसावर ऊस नको, हे त्यांचं स्वतःचं कारण. मोटारीच्या पाइपला त्यांनी यंदा पाण्याचं मीटरही बसवून घेतलंय. ठिबकवर दोन एकराला दिवसाला तीस-पस्तीस हजार लिटर पडतं. रोजचा आकडा ते शाळेच्या वहीत लिहितात, आणि ती वही पावत्यांच्या तारेशेजारी, त्याच खुंटीला असते.